हायपो कुठे ओतायचा, हे पहिल्याच दिवशी सांगा

डार्करूमच्या कार्यशाळा घेणाऱ्या सर्व शिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातल्याच एकांचा विद्यार्थी. कोणाचा, ते इथे सांगत नाही. तक्रार त्या एका माणसाबद्दल नाही, आणि ते सर मला आजही तितकेच प्रिय आहेत. कोरा कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, सरकवायचा, ट्रेचा एक कोपरा हलकेच उचलायचा, सोडायचा, पुन्हा उचलायचा; मग कागदावर आधी केसांचा काळा भाग, मग डोळे, मग हनुवटीखालची सावली वर येताना बघायची, हे मला त्यांनीच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर म्हणाले, "चला, आवरू या." त्यांनी तिन्ही ट्रे (डेव्हलपर, त्याचं काम थांबवणारा आम्लाचा स्टॉप बाथ आणि चित्र पक्कं करणारा फिक्सर, ज्याला आपण हायपोही म्हणतो) एकापाठोपाठ एक बेसिनमध्ये उलटे केले, वरून नळ सोडला आणि हात पुसले. आवरणं संपलं. त्या वर्गातली माझी वही माझ्याकडे अजून आहे. डेव्हलपरचं तापमान, टेस्ट स्ट्रिपचे (कागदाला किती वेळ उजेड द्यायचा ते ठरवणाऱ्या पट्टीचे) सेकंद, कुठला फिल्टर कधी लावायचा, सगळं तीत आहे. वापरलेल्या हायपोचं काय करायचं आणि खोलीत हवा कुठून यायची, यावर मात्र एक ओळही नाही. शिष्य गुरूचं ऐकतो त्यापेक्षा गुरूला बघतो जास्त. मी जे बघितलं तेच घरी आठ वर्षं केलं.

माझी डार्करूम म्हणजे घरातलं बाथरूम. खिडकीला पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या कडेने काळी चिकटपट्टी, दाराखालच्या फटीत गुंडाळी करून कोंबलेला जुना टॉवेल. बाथरूमला एक्झॉस्ट फॅन होता, पण त्याच्या पात्यांमधून दिवसाचा उजेड यायचा. म्हणून तो बंद करून वर पुठ्ठा ठोकला होता. म्हणजे बघा, प्रकाश अडवता अडवता मी हवेचा एकूण एक रस्ता बुजवून टाकला होता आणि त्या डब्यात तीन-तीन तास उघड्या ट्रेंवर वाकून उभा राहत होतो. रात्री घसा खवखवायचा, डोकं जड व्हायचं. मी ते थकव्यावर ढकलत होतो.

तिसऱ्या वर्षी एका रात्री काम संपल्यावर स्टॉप बाथ आणि हायपो नेहमीसारखा जाळीत ओतला. फरशीवर डेव्हलपरचे तपकिरी डाग पडले होते. ते निघावेत म्हणून, पाणी न सोडताच, ब्लीचची बाटली त्याच ओल्या फरशीवर रिकामी केली. पुढच्या काही सेकंदांत नाकात आणि डोळ्यांत जे शिरलं, त्याला वास म्हणता येणार नाही. आत कोणी काचपेपर फिरवावा तसं झालं. दार उघडायला गेलो तर खालचा टॉवेल अडकलेला. डोळे मिटून, गुडघ्यावर बसून तो टॉवेल ओढून काढताना माझी जी अवस्था झाली, ती मला अजून आठवते. बाहेर येऊन अर्धा तास खोकत होतो. नंतर वाचलं तेव्हा कळलं. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात स्टॉप बाथचं आम्ल पडलं की क्लोरीन सुटतो. रॅपिड फिक्सरमध्ये अमोनियम थायोसल्फेट असतं, त्यातल्या अमोनियमशी गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात. शिवाय ब्लीच आणि थायोसल्फेट यांची आपसातली अभिक्रिया चांगलीच गरम होते. डार्करूमच्या फरशीला, बेसिनला, ट्रेला ब्लीच लावायचं नाही, हे एक वाक्य मला कोणी सांगितलं असतं तर वहीत लिहायला पाच सेकंद लागले असते.

म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे: लाल दिवा लावण्याआधीचा पहिला तास हवेला आणि हायपोच्या डब्याला द्या. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडायचं यंत्र, त्यानंतर.

आधी हवेचं बोलू.

डार्करूमचा वास म्हणजे नेमकं काय, हे विद्यार्थ्यांना फोड करून सांगा. व्हिनेगरसारखा येतो तो स्टॉप बाथमधल्या अॅसिटिक आम्लाचा. काडी ओढल्यावर नाकात चरचरतं तसा असतो तो फिक्सरमधून सुटणारा सल्फर डायऑक्साइड. फिक्सरमध्ये सल्फाइट असतं. ते आम्लात आलं की हा वायू सोडतं, आणि प्रत्येक प्रिंटबरोबर आपण स्टॉप बाथचं थोडं आम्ल फिक्सरमध्ये नेतच असतो. त्यामुळे सकाळी भरलेला ट्रे संध्याकाळी जास्त झोंबतो. चिमट्याने प्रिंट उचलून, ट्रेच्या कडेवर दहा सेकंद निथळू देऊन पुढे टाकली तर हे बरंच आटोक्यात येतं. हे निथळवणं तुम्ही शिकवताच, पण फिक्सर जास्त टिकावा म्हणून. आपल्या श्वासाचाही त्यात फायदा आहे, हे जोडून सांगा. वर्गात दमा असलेला कोणी आहे का, हे तर आधी विचारूनच घ्या. सल्फर डायऑक्साइडचं अगदी थोडं प्रमाणही दमेकऱ्याची छाती भरून आणायला पुरतं.

पंख्याची गंमत अशी, की बहुतेकांच्या घरी पंखा असतो आणि तो चुकीच्या जागी असतो. छतात, किंवा भिंतीत पार वर. ट्रे कमरेच्या उंचीवर, पंखा डोक्यावर आणि मधे आपलं नाक. ट्रेमधून निघालेली वाफ पंख्याकडे जायची तर आधी आपल्या चेहऱ्यावरून जाते. हवा ओढून घेणारं तोंड ट्रेच्या मागे, ट्रेच्या काठाच्या जवळपास उंचीला हवं. म्हणजे हवा आपल्या पाठीमागून येईल, ट्रेवरून सरकेल आणि पलीकडे निघून जाईल. घरी करायचं तर ट्रेंच्या मागे भिंतीलगत एक लांब चपटी पेटी किंवा जाड नळ बसवावा, त्याला ट्रेच्या बाजूने बारीक आडव्या फटी पाडाव्यात आणि दुसऱ्या टोकाला पंखा जोडावा. मात्र एक लक्षात असू द्या: फटीची ओढ फटीजवळच असते. वीतभर लांब गेलं की ती झपाट्याने कमी होते. म्हणून ट्रे फटीला अगदी लगटून ठेवायचे. कोणी म्हणतं, सल्फर डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खाली बसणार, मग पंखा जमिनीजवळ लावा. खोलीत त्याचं प्रमाण इतकं विरळ असतं की तो वेगळा खाली बसत नाही. खोलीतली हवा जिकडे जाईल तिकडेच तोही जातो.

किती हवा लागते, याचा हिशेब फळ्यावर करून दाखवा, मुलांना आवडतो. डार्करूमसाठी वर्षानुवर्षं सांगितला जाणारा आकडा म्हणजे तासाला १० वेळा खोलीतली सगळी हवा बदलणं. खोली २ मीटर रुंद, अडीच मीटर लांब, २.४ मीटर उंच असेल तर ती १२ घनमीटरची झाली. दहाने गुणा: तासाला १२० घनमीटर. म्हणजे दर सहा मिनिटांनी खोली एकदा रिकामी व्हायला हवी. आता पंख्याच्या खोक्यावर १२० लिहिलंय म्हणून तो घेतला तर फसगत होते. तो आकडा मोकळ्या हवेतला. पुढे नळ, नळाची दोन वळणं, उजेड अडवायचा अडसर, असं सगळं आलं की त्यातला मोठा हिस्सा खर्ची पडतो. हिशेबाच्या निदान दुप्पट ताकदीचा पंखा घ्यावा. फार आवाज करत असेल तर वेग कमी करता येतो. कमी ताकदीच्या पंख्याचा वेग वाढवता येत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी सगळे विसरतात. पंखा हवा बाहेर फेकणार तर तेवढीच हवा आत यायला वाट हवी. दाराखाली टॉवेल कोंबलेल्या खोलीत पंखा नुसता घरघरतो. आत येणारी वाट पंख्याच्या समोरच्या भिंतीत, कोरड्या बाजूला, म्हणजे एन्लार्जरच्या बाजूला खाली ठेवावी. वर काढलेल्या १२० घनमीटरसाठी साधारण १५ बाय २० सेंटिमीटरचं तोंड पुरतं. त्यातून हवा मंद झुळुकीइतक्याच वेगाने येते. त्यावर धुळीसाठी साधा फोमचा तुकडा चालतो. ही वाट पंख्याला लागूनच काढली तर हवा एका भोकातून आत येऊन शेजारच्या भोकातून निघून जाते आणि ट्रेवरची वाफ जागच्या जागी राहते.

उजेडाचं भय मला कळतं. त्या भयापोटीच तर मी पंख्यावर पुठ्ठा ठोकला होता. पण उजेड सरळ रेषेत जातो आणि हवा वळणं घेते, एवढ्यावर सगळं सुटतं. प्लायवूडची एक उथळ पेटी घ्यायची, आत दोन-तीन आडव्या फळ्या अशा लावायच्या की हवेला नागमोडी जावं लागेल, आणि आतून सगळीकडे चकाकी नसलेला काळा रंग द्यायचा. दोन वळणं कमी पडली तर तिसरं. वळणांतली जागा मात्र तोंडापेक्षा अरुंद होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा तिथेच गुदमरते. मग अंधार करून पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. पहिल्या दोन मिनिटांत जी खोली काळीकुट्ट वाटते, तीत दहाव्या मिनिटाला दाराच्या बिजागरीजवळ एक राखाडी रेघ दिसू लागते. पंख्याच्या पेटीसमोर पांढरा कागद धरायचा. तो दिसत नसेल तर काम झालं. शेवटी टिश्यू पेपरची एक पट्टी. ती फटींसमोर धरली की आत ओढली जायला हवी, आणि दाराच्या फटीपाशी धरली की खोलीच्या आतल्या बाजूला झुकायला हवी. बाहेर झुकली तर आपली वाफ घरभर जाते आहे. मोठ्या व्यावसायिक डार्करूममध्ये धूळ आत येऊ नये म्हणून गाळलेली हवा दाबाने आत भरतात, पण तिथे ट्रेवर वेगळी ओढ असते. घरात उलटं: खोलीचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमीच असलेला बरा.

एसी म्हणजे हवा बदलणं नव्हे, हेही सांगून टाका. बहुतेक एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतात. काम चालू नसताना ट्रे झाकून ठेवणं, स्टॉप बाथ अॅसिटिकऐवजी सायट्रिक आम्लाचा वापरणं (त्याला वास जवळजवळ नसतो), रसायनं २० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवणं, ही फुकटात होणारी मदत आहे. फिल्म डेव्हलप करायला तर अंधाऱ्या खोलीत उभं राहायचं कारणच नाही. उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून रोल झाकणाच्या टाकीत भरला की पुढचं सगळं उघड्या खिडकीशी करता येतं.

भुकटीबद्दल थोडक्यात, कारण इथे सांगण्यासारखं कमी आणि पाळण्यासारखं जास्त आहे. डार्करूममधला सगळ्यात वाईट श्वास बहुधा डेव्हलपर कालवताना घेतला जातो. पाकीट कापून भुकटी वरून सोडली की ढग उठतो. आधी पाणी, मग पाण्याच्या अगदी जवळून हळूहळू भुकटी, मोकळ्या हवेत, तोंडाला धुळीचा मास्क लावून. मेटॉल, हे अनेक डेव्हलपरमधलं एक रसायन, अनेकांच्या त्वचेला सोसत नाही. माझ्या बोटांच्या पेरांना दुसऱ्या वर्षी भेगा पडायला लागल्या. एकदा शरीराने मेटॉलशी वैर धरलं की मग थोडासा स्पर्शही पुरतो. डी-७६ हा १९२७ सालापासूनचा डेव्हलपर मेटॉल आणि हायड्रोक्विनोनचा आहे, आणि तो मला अजूनही फार आवडतो, पण मी आता फेनिडोन किंवा अॅस्कॉर्बिक आम्लावर चालणारे डेव्हलपर वापरतो. हातमोजे नायट्राइलचे आणि चिमटे प्रत्येक ट्रेला वेगळे. जुन्या छायाचित्रातल्या गुरुजींसारखं उघड्या हाताने प्रिंट फिरवणं दिसायला छान, म्हणून तुम्ही ते वर्गात करता. कृपया करू नका. ग्लेशियल अॅसिटिक आम्ल वर्गात आणूच नका. ते ३९-४० अंशांना पेट घेऊ शकेल अशी वाफ देतं आणि कातडी जाळतं. पातळ केलेलं मिळतं, तेच वापरा. आणि कोणतंही आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

आता हायपो.

जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये नोंदवून ठेवलं होतं की हायपो चांदीचे क्षार विरघळवतो. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याच गुणावर छायाचित्र कायमचं पक्कं करता आलं. ही गोष्ट तुम्ही रंगवून सांगता, आणि ती आहेच सांगण्यासारखी. पण तिचा उत्तरार्ध सांगायचा राहतो: विरघळलेली ती चांदी जाते कुठे? ट्रेमध्येच राहते. ज्या चांदीवर प्रकाश पडला नाही ती सगळी फिक्सरमध्ये उतरते, आणि साध्या निगेटिव्हमध्ये ती अर्ध्याहून जास्त असते. रंगीत फिल्ममध्ये चित्र रंगद्रव्यांचं असतं, तिथे तर चांदीचा कणन् कण ब्लीच-फिक्समध्ये, म्हणजे चांदी काढून घेणाऱ्या द्रावणात, निघून जातो. एक लिटर फिक्सरमध्ये वीसेक रोल धुतले की त्यात काही ग्रॅम चांदी साचलेली असते. तुलनेसाठी एक आकडा: अमेरिकेत कारखान्याच्या कचऱ्याच्या चाचणीत लिटरमागे ५ मिलिग्रॅम चांदी भरली की तो घातक कचरा ठरतो. घरगुती कचऱ्याला तिथे त्यातून सूट आहे, पण ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांच्यातलं अंतर सूट दिल्याने कमी होत नाही.

इथे मी अतिशयोक्ती करणार नाही, कारण तुमच्यातले जाणकार लगेच पकडतील. सुटा चांदीचा आयन पाण्यातल्या जीवांना आणि जंतूंना फार विषारी असतो. फिक्सरमधली चांदी थायोसल्फेटला बांधलेली असते आणि त्या रूपात ती बरीच कमी घातक असते. मोठ्या शहरी सांडपाणी केंद्रात तिचं न विरघळणारं सिल्व्हर सल्फाइड होऊन ती गाळात बसते. म्हणजे कोणी एकदा अर्धा लिटर हायपो ओतला म्हणून नदी मरत नाही. पण ज्याच्या घराचं सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं, त्याची गोष्ट वेगळी आहे. ती टाकी जंतूंवर चालते. तिथे फिक्सर ओतणं म्हणजे त्या जंतूंवर घाला घालणं, आणि जे पचत नाही ते पुढे जमिनीत मुरणं. अशा घरात फिक्सरच काय, डेव्हलपरही मोरीत ओतू नये. आणि विद्यार्थी घरी गेल्यावर त्याचं सांडपाणी कुठे जातं, हे तुम्हाला वर्गात माहीत नसतं. म्हणून सगळ्यांना एकच सवय लावा: फिक्सर डब्यात.

डबा कसा हवा, तेही दाखवा. जाड प्लास्टिकचा, रुंद तोंडाचा, पाच लिटरचा. धातूचा नको. काठोकाठ भरायचा नाही आणि झाकण अगदी आवळायचं नाही, कारण जुना फिक्सर वायू सोडतो आणि डबा फुगतो. वर ठळक अक्षरांत: वापरलेला फिक्सर, चांदी आहे, पिऊ नये, तारीख. हसू नका. पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत हायपो भरून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. रंगाने तो पाण्यासारखाच दिसतो आणि घरात लहान मुलं असतात. डबा कुलपाच्या कपाटात, आणि त्याच्या शेजारी ब्लीच नको.

डब्यात कमीत कमी माल जावा, याची सोय कामातच करता येते. फिक्सर दोन ट्रेमध्ये घ्यायचा. पहिला ट्रे बहुतेक सगळी चांदी घेतो, दुसरा जवळजवळ ताजा राहतो. पहिला थकला की तो डब्यात, दुसरा त्याच्या जागी आणि नवीन फिक्सर दुसऱ्या जागी. प्रिंटही अधिक टिकाऊ होते, त्यामुळे हे विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायला सोपं. तिसरा ट्रे स्थिर पाण्याचा. फिक्सरमधून काढलेली प्रिंट थेट नळाखाली नेली तर तिच्या अंगावरची चांदी सरळ गटारात जाते. आधी या साध्या पाण्यात खळबळून घेतली तर ती बरीचशी तिथेच राहते, आणि ते पाणीही शेवटी डब्यात. फिक्सर कधी टाकायचा, हे अंदाजाने ठरवू देऊ नका. ताज्या फिक्सरमध्ये फिल्मचा तुकडा पारदर्शक व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तो वेळ दुप्पट झाला की फिक्सर संपला. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाकून पाहण्याची जुनी पद्धतही चांगली: गढूळ पिवळट साका धरला आणि हलवूनही विरघळला नाही, तर चांदी भरपूर झालेली आहे. अर्धवट थकलेला फिक्सर घाबरून टाकणं आणि संपलेला कंजूषपणे वापरणं, दोन्ही यामुळे टळतं.

भरलेल्या डब्याचं काय? हा प्रश्न वर्गात कोणी ना कोणी विचारणारच. उत्तर तुमच्याकडे तयार असायला हवं, नव्हे, त्या उत्तरातला एक भाग तुम्हीच असायला हवा. आपल्या भागात घरगुती घातक कचरा वेगळा स्वीकारतात का, ते आधी विचारावं. फिल्म धुणारी लॅब, जिथे अजून फिल्मवर एक्स-रे काढतात अशी जागा, छायाचित्रण शिकवणारी संस्था, यांच्याकडे चांदी काढून घ्यायची सोय असू शकते, आणि एक माणूस पाच लिटर घेऊन गेला तर बहुधा नाही म्हणत नाहीत. तुमची कार्यशाळा वर्षातून चार वेळा होत असेल तर जुन्या विद्यार्थ्यांचे डबे एकत्र करून एकदा पोचवणं तुम्हाला अवघड नाही. एकट्या घरगुती माणसाला जे जड जातं, ते वीस जणांनी मिळून केलं तर एका दुपारचं काम होतं.

स्टील वूलची युक्ती काही जण मोठ्या उत्साहाने सांगतात, तीही अर्धवट. फिक्सरमध्ये स्टील वूल टाकलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी चांदी काळ्या चिखलासारखी खाली बसते. रसायनशास्त्र बरोबर आहे. मी केलं आहे. आठवडाभराने डब्यात तपकिरी पाणी, तळाशी काळा गाळ आणि चांदी मिळाल्याचा आनंद. पण सगळी चांदी उतरत नाही, पाण्यात लोखंड वाढतं, आणि तो गाळ घरच्या घरी तापवून चांदीची गोळी करायच्या भानगडीत पडू नये. त्यातून निघणारा धूर कोणाच्याच फुप्फुसांसाठी नाही. उरलेल्या पाण्यात तांब्याची घासलेली पट्टी दहा मिनिटं बुडवून बघा. पट्टी रुपेरी झाली तर चांदी अजून आहे. ते पाणी मोरीत ओतायच्या लायकीचं झालं, असं स्टील वूल तुम्हाला कधीच सांगत नाही. गाळ वाळवून बाटलीत भरून लॅबला देता आला तर उत्तम.

डेव्हलपर आणि स्टॉप बाथचं इतकं मोठं प्रकरण नाही. चांदी त्यात नगण्य. पण हायड्रोक्विनोन माशांना विषारी आहे आणि डेव्हलपर पाण्यातला प्राणवायू खातो, त्यामुळे उघड्या नाल्यात, तळ्याच्या काठी, झाडांच्या बुंध्याशी तो कधीच नाही. जिथे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातं आणि स्थानिक नियम आड येत नाहीत, तिथे घरगुती प्रमाणात, भरपूर पाण्याबरोबर चालतो. डेव्हलपर अल्कधर्मी, स्टॉप बाथ आम्ल, म्हणून दोन्ही एकत्र करून एकमेकांना मारायची पद्धत आहे. पण डेव्हलपरमध्येही सल्फाइट असतंच, तेव्हा हे बंद खोलीत वाकून करायचं नाही. फिक्सरशी मात्र दोहोंपैकी कशाचीही गाठ घालायची नाही. आम्लाने सल्फर डायऑक्साइड सुटतो, अल्कलीने अमोनिया.

टोनर (प्रिंटचा रंग बदलणारी द्रावणं) आणि प्रिंट फिकी करणारं छायाचित्रणातलं ब्लीच हे विषय पहिल्या कार्यशाळेत आणू नका, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. सोडियम सल्फाइडच्या सेपिया टोनरला आम्लाचा स्पर्श झाला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याचा घाणेरडा वास आधी येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असं समजायचं नाही. तो वायू जवळच्या कोऱ्या कागदाचं आणि फिल्मचंही वाटोळं करतो, हे ऐकल्यावर निदान छायाचित्रकार तरी सावध होतात. पोटॅशियम फेरिसायनाइड तीव्र आम्लात किंवा आगीजवळ नेऊ नये. त्यातून हायड्रोजन सायनाइड निघू शकतो. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. सेलेनियम टोनर वापरायचाच तर मोकळ्या हवेत, आणि वापरलेला वेगळ्या डब्यात. अमोनियामिश्रित सिल्व्हर नायट्रेट कालवलं तर त्याच दिवशी संपवावं. साठवून ठेवलं किंवा वाळू दिलं तर त्यात स्फोटक चांदीचा साका बसतो. हे शिकवायला कोणी अनुभवी माणूस असेल तर स्वतंत्र वर्ग घ्या, नसेल तर राहू द्या.

तुमच्यातले काही म्हणतील, एवढं सगळं पहिल्या तासात सांगितलं तर पोरं घाबरून पळतील. मला तसं वाटत नाही. टेस्ट स्ट्रिपचे सेकंद मोजणारा माणूस पंख्याचे घनमीटरही मोजतो. माझी डार्करूम आता बाथरूममध्ये नाही. मागच्या छोट्या खोलीत ट्रेंच्या मागे फटींची पेटी आहे, समोरच्या भिंतीत काळ्या रंगाची नागमोडी वाट आहे, आणि पंखा सुरू केला की कोपऱ्यात टांगलेली टिश्यूची पट्टी आत झुकते. ती झुकली नाही तर मी दिवा लावून कारण शोधतो, तोवर ट्रे भरत नाही. घसा खवखवत नाही, आणि रात्री अकरा वाजताही प्रिंट काढायचा उत्साह असतो, जो पूर्वी नऊलाच संपायचा.

तुमच्या पुढच्या कार्यशाळेत टेबलावर तीन ट्रे मांडाल, तेव्हा फिक्सरच्या ट्रेशेजारी एक रिकामा डबा आणि एक नरसाळं ठेवा. संध्याकाळी आवरताना सगळ्यांसमोर हायपो त्यात ओता. डबा नसेल तर कळवा. माझ्याकडे पाच लिटरचे दोन धुऊन ठेवलेले आहेत, चिठ्ठ्या चिकटवलेल्या, फक्त तारीख घालायची बाकी आहे.

आपला,
एक जुना विद्यार्थी